समुद्रात गेलेल्याचा पत्ता

९ डिसेंबर १९७१ रोजी रात्री नऊच्या सुमारास दीवच्या किनाऱ्यापासून सुमारे चाळीस सागरी मैलांवर ‘आयएनएस खुकरी’ या भारतीय फ्रिगेटला पाकिस्तानच्या ‘हंगोर’ पाणबुडीचा टॉर्पेडो लागला आणि काही मिनिटांत जहाज तळाला गेले. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक त्याच्याबरोबर गेले. दुसऱ्या दिवशी ‘कच्छल’ या जहाजाने ६७ जणांना पाण्यातून जिवंत वर काढले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी आपले जीवरक्षक जाकीट एका खलाशाला दिले आणि स्वतः जहाज सोडले नाही, हे त्या वाचलेल्यांनी सांगितले. मुल्लांना मरणोत्तर महावीर चक्र मिळाले आणि त्यांचे नाव देशाला ठाऊक झाले. ते व्हायलाच हवे होते. पण त्याच रात्री गेलेल्या १७६ नौसैनिकांपैकी एकाचे तरी नाव सांगा, असे कुणी विचारले तर बहुतेकांजवळ उत्तर नसते. नौदलात मुले सतरा-अठराव्या वर्षी भरती होतात. यंत्रखोलीत, दारूगोळ्याच्या कोठारापाशी, बिनतारी संदेशाच्या खोलीत काम करतात आणि जहाज फुटते तेव्हा पाण्याच्या पातळीखाली असतात. अशा मुलाची आठवण कशी ठेवायची, हा माझा प्रश्न आहे. समुद्रापासून दूर असलेल्या बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत उभा राहून मी तो विचारतो आहे. रणात पडलेल्या माणसाची आठवण त्याची माती सांभाळते. समुद्रात गेलेल्याची आठवण फक्त नोंदीवर उभी राहू शकते, आणि म्हणून त्याची पुरी, नेमकी, खरी नोंद त्याच्या गावात असणे हे त्याचे आपल्यावरचे पहिले देणे आहे, असे माझे म्हणणे आहे.

आपल्याकडे आठवण जमिनीला धरून असते. इंदापूर हे मालोजीराजे भोसले जिथे लढताना पडले ते गाव, आणि ती ओळख गावाने सोडलेली नाही. पडला ती जागा दाखवता येते म्हणून पडणाराही जवळचा वाटतो. दख्खनच्या कितीतरी गावांत मारुतीच्या पारापाशी वीरगळ उभे असतात. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, त्याच्या वर शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला तोच वीर आणि शेवटी चंद्रसूर्य. दगड बोलत नाही, पण इथला माणूस होता एवढे सांगतो. माणूस घरी गेला तर रक्षा सावडतात, अस्थी नीरा-नरसिंहपूरच्या संगमावर सोडतात आणि तिसरा, दहावा, तेरावा अशा दिवसांनी दुःखाला पायऱ्या मिळतात. सैनिक सरहद्दीवर पडला तर तिरंग्यात गुंडाळलेली पेटी गावात येते, शाळा सुटतात, बाजार बंद राहतो, पुढे वेशीजवळ अर्धपुतळा बसतो. २०२३ साली गावोगावी शिलाफलक लागले आणि कलशातून माती दिल्लीला गेली, तेव्हा सरकारनेही याच जुन्या भावनेचा आधार घेतला. ती भावना खोटी नाही. पण जो समुद्रात गेला त्याची पेटी येत नाही. त्याच्या जागेवरून मूठभर माती आणता येत नाही. इथल्या नद्यांचे पाणीसुद्धा त्याच्याकडे जात नाही: नीरा भीमेला मिळते, भीमा कृष्णेला, आणि कृष्णा पूर्वेच्या समुद्राला, ‘खुकरी’ पश्चिमेच्या समुद्रात आहे. मातीवर बेतलेल्या आपल्या साऱ्या रीतींत या एका मरणासाठी जागाच उरत नाही.

देहाशिवाय आठवण ठेवण्याची रीत आपल्याला अगदीच परकी आहे, असे मात्र म्हणता येणार नाही. आषाढात तुकोबांची पालखी बारामती, काटेवाडी, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी अशी याच दोन तालुक्यांतून जाते. आळंदीला ज्ञानेश्वरांची समाधी आहे. तुकोबांची समाधी कुठेच नाही. परंपरा सांगते की ते सदेह गेले. मागे राहिल्या त्या पादुका आणि अभंग. आणि अभंगांच्या वह्याही एकदा इंद्रायणीत बुडाल्या होत्या, अशीच कथा आहे. तरी तीनशेहून अधिक वर्षे हा माणूस विसरला गेला नाही, याचे कारण त्याचा शब्द लोकांनी ओळीओळीने सांभाळला. दुसरे उदाहरण धर्मशास्त्रातले आहे. परदेशी किंवा पाण्यात गेलेल्या माणसाचा देह मिळाला नाही तर पालाशविधी करतात. पळसाचे ३६० देठ मांडून माणसाची आकृती करायची आणि तिला अग्नी द्यायचा. मस्तकाला किती, गळ्याला किती, हाताला किती, हे सारे आकडे ठरलेले आहेत. एवढा काटेकोरपणा कशासाठी असावा, याचा विचार केला की मला त्यामागे मोठे शहाणपण दिसते. जिथे डोळ्यांना पुरावा नाही तिथे मन मोकळे सुटते. आई दाराकडे बघत राहते. कुणी पकडून नेले असेल, कुठल्या किनाऱ्याला लागला असेल, स्मृती गेली असेल, असे दहा रस्ते तिला दिसत राहतात. आपल्या पुरावा कायद्याने बेपत्ता माणसाला मृत मानण्यासाठी सात वर्षांची मुदत घातली, तीही याच अवघडपणाची कबुली आहे. म्हणून जिथे देह नाही तिथे तपशील हवा आणि तो भरपूर हवा. कुठले जहाज, कुठली रात्र, कुठल्या अक्षांशाजवळ, किती मिनिटांत, तो त्या वेळी कुठल्या कामावर होता. ही माहिती कोरडी वाटते, पण घरातल्या माणसाला वाट बघण्यातून सोडवण्याचे बळ तिच्यातच असते.

नोंद ठेवली नाही की काय होते, त्याचा इतिहास आपल्यासमोर आहे. मुंबईत बोरिवलीजवळ एक्सर गावात जे वीरगळ आहेत त्यांतल्या काहींवर आरमारी लढाई कोरलेली आहे: डोलकाठ्या असलेली जहाजे, वल्ह्यांच्या रांगा, पाण्यात पडणारी माणसे. शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचे यादव यांच्यातल्या तेराव्या शतकातल्या लढाईशी काही अभ्यासक ते जोडतात. काही त्याहून मागे नेतात. एकमत अजून नाही. सोमेश्वर बुडाला हे आपल्याला कळते ते शत्रूच्या दरबारातल्या हेमाद्रीने लिहून ठेवले म्हणून. राजाची नोंद शत्रूने तरी ठेवली. त्या जहाजांवर वल्ही मारणाऱ्यांत कोण होते, कुठल्या गावचे होते, हे आता कुणीही सांगू शकणार नाही. शिल्पकाराने वल्ही मोजून कोरली, माणसे मात्र निनावी राहिली. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज सरकारने महाराष्ट्रातल्या अनेक गावांत संगमरवरी पाट्या बसवल्या. या गावातून इतके पुरुष महायुद्धाला गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले, असा त्यांचा मजकूर आहे. संख्या आहे, नाव एकही नाही. बसऱ्याच्या स्मारकावर, जिथे मराठा पलटणींतले कितीतरी जवान नोंदवले गेले, तिथे अधिकाऱ्यांची नावे कोरली आणि हिंदी शिपाई पलटणीच्या नावाखाली आकड्यांत उरले. युद्धातल्या मृतांची स्मारके सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल आयोगाने २०२१ साली स्वतःच्या चौकशी अहवालात मान्य केले की आशिया-आफ्रिकेतल्या किमान १,१६,००० आणि कदाचित ३,५०,००० मृतांची नावे कुठेच कोरली गेली नाहीत. ज्या संस्थेचे पायाभूत तत्त्वच ‘दर्जा न पाहता प्रत्येकाचे नाव’ हे होते, तिच्या हातून हे झाले. तरी त्याच काळात मुंबईत मस्जिद बंदरच्या खलाशांच्या वसतिगृहात पहिल्या महायुद्धातल्या दोन हजारांहून अधिक हिंदी दर्यावर्दींचे स्मारक झाले, आणि दुसऱ्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या सहा हजारांहून अधिक जणांची नावे एका नोंदवहीत लिहिली गेली. म्हणजे मनात आणले तर करता येत होते. ज्याला कबर नाही त्याला निदान वहीत एक ओळ द्यावी, एवढे कुणाला तरी सुचले होते.

नाव कोरले म्हणजे काम संपले, असे मात्र मला वाटत नाही. इथे मी ‘खुकरी’कडे परत येतो, कारण या जहाजाची पुरी हकिकत सांगणे सोपे नाही. दीवच्या नैर्ऋत्येला शत्रूची पाणबुडी आहे, असे रेडिओ संदेशांवरून कळले आणि तिला शोधायला मुंबईहून ‘खुकरी’ आणि ‘किरपाण’ ही दोन जहाजे निघाली. त्याच तुकडीतले तिसरे जहाज ‘कुठार’ बिघाडामुळे बंदरात होते. ‘खुकरी’ ब्रिटनमध्ये बांधलेली, आणि त्या वेळी नौदलात तिला तेरा वर्षे झाली होती. ‘हंगोर’ फ्रान्समध्ये बांधलेली, त्या काळातली नवी पाणबुडी; तिला ‘खुकरी’ ऐकू येत होती तेवढ्या अंतरावरून ‘खुकरी’ला ती ऐकू येत नव्हती. सोनारचा पल्ला वाढवण्याचा एक प्रयोग ‘खुकरी’वर चालू होता आणि त्यासाठी जहाजाचा वेग कमी ठेवला होता. पाणबुडी शोधणारे जहाज हळू चालले की तेच सोपे लक्ष्य बनते, हे नौदलातल्या कुणालाही नवे नाही. त्या युद्धात पश्चिम ताफ्याच्या मोहिमांची आखणी पाहणारे अधिकारी आणि पुढे व्हाइस ॲडमिरल झालेले गुलाब हिरानंदानी यांनी ‘ट्रान्झिशन टू ट्रायम्फ’ या नौदलाच्या इतिहासात हा सारा प्रश्न मांडला आहे. वाचलेल्यांच्या आठवणींवर मेजर जनरल इयान कार्डोझो यांनी स्वतंत्र पुस्तक लिहिले आहे. म्हणजे नौदलातल्या आणि लष्करातल्या माणसांनी या चर्चेला तोंड दिले. ती टाळतो आपण, सभांमधून आणि फलकांवरून भाषण करणारे. अनेकांचा आक्षेप असतो की हुतात्म्याच्या नावाशेजारी चुकांची, उणिवांची चर्चा नको. त्याने त्याचा मान कमी होतो. या आक्षेपामागची माया मला कळते. मुलगा परत येणार नाही, निदान त्याचे जाणे निष्कलंक राहू दे, असे कुठल्याही घराला वाटेल. पण ज्याचा मान राखायचा तो कोण आहे, ते नीट पाहिले पाहिजे. वेग किती ठेवायचा हे यंत्रखोलीतल्या पोराने ठरवले नव्हते. कुठली यंत्रणा घ्यायची, कुठल्या जहाजाला कुठल्या कामावर धाडायचे, यातले काहीही त्याच्या हातात नव्हते. त्याच्या हातात होते ते दिलेले काम. युद्ध चालू असताना, खाली पाणबुडी आहे हे माहीत असताना, तो ते करत होता. उणिवा झाकल्या की त्याच्या कामाचे मोलही झाकले जाते, कारण त्याने काय पत्करले होते ते कुणाला कळतच नाही. मुल्लांचा मोठेपणाही या हकिकतीने कमी होत नाही. कमांडरने शेवटच्या मिनिटांत काय केले आणि त्या संध्याकाळी वेगाबद्दल कुणाचा निर्णय बरोबर होता, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि दोन्हींची उत्तरे एकाच माणसाच्या चरित्रात राहू शकतात. खोट्या तपशिलांनी सजवलेले स्मारक पहिल्या जाणत्या प्रश्नालाच डळमळते. खऱ्या हकिकतीवर उभे केलेले स्मारक नातवंडांच्या प्रश्नांनाही उत्तर देऊ शकते.

समुद्र हा आमचा विषयच नव्हे, तो कोकणाचा, असेही या भागात म्हटले जाते. कालव्याच्या पाळ्या, ऊस, उजनीचे पाणी, भिगवणला येणारे रोहित पक्षी, ही इथल्या पाण्याची गोष्ट. खाऱ्या पाण्याशी आमचा संबंध काय? दर्यावर्दी परंपरा कोकणातल्या कोळी, भंडारी, दालदी समाजांनी जगवली, हे खरेच आहे आणि त्यांचे श्रेय कुणी आपल्याकडे ओढू नये. पण शहाजीराजांची जहागीर पुणे, सुपे, इंदापूर आणि चाकण अशी होती. यातले सुपे आज बारामती तालुक्यात आहे. म्हणजे ज्या शिवाजीराजाने कल्याण-भिवंडी घेतल्यावर आरमाराला हात घातला आणि १६६४ मध्ये मालवणच्या बेटावर सिंधुदुर्गाचे काम काढले, त्याची पहिली ओळख याच कोरडवाहू परगण्यांशी होती. समुद्रकिनारी न जन्मलेल्या माणसाने समुद्राचा विचार केला, ही आपल्या इतिहासातली मोठी गोष्ट आहे. २०२२ साली नौदलाच्या निशाणावर शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला, त्याचा अभिमान इथेही व्यक्त झाला. तो अभिमान खरा असेल तर त्या निशाणाखाली जाणाऱ्या इथल्या पोरांची जबाबदारीही इथली आहे. शिवाय, समुद्र न पाहिलेल्या गावाला ही नोंद अधिक गरजेची असते. मालवणात किंवा हर्णैला बुडालेल्या माणसाबद्दल बोलायला शब्द तयार असतात. वारे, भरती, ओहोटी, खडक सगळ्यांना कळतात. जिथे विहीर आणि शेततळे एवढेच खोल पाणी, तिथे ‘जहाज बुडाले’ या दोन शब्दांपुढे माणसाची कल्पनाच चालत नाही, आणि मग मुलगा दुसऱ्यांदा हरवतो.

दीवला टेकडीवर समुद्राकडे तोंड करून ‘खुकरी’चे स्मारक आहे; काचेच्या पेटीत जहाजाची प्रतिकृती आहे. १९८९ साली त्याच नावाची नवी ‘खुकरी’ नौदलात आली, बत्तीस वर्षांनी निवृत्त झाली आणि तीही दीवकडे सोपवली गेली. नवी दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात २०१९ मध्ये ते खुले झाले तेव्हा २५,९४२ नावे ग्रॅनाइटवर कोरलेली होती. एवढे झाल्यावर गावात पुन्हा दगड कशाला, हा प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर असे की ती स्मारके देशाची आहेत. पंचवीस हजार नावांच्या भिंतीपुढे माणूस नम्र होतो, पण त्यातले एक नाव त्याला ओळखू येत नाही. ओळख गावातच होते: अमक्याचा धाकटा, तमक्या शाळेत होता, त्याच्याबरोबरीचे अजून पारावर बसतात. इंदापूर तालुक्याने हे एकदा अनुभवले आहे. उजनी धरणाच्या पाण्याखाली गावे गेली, पळसदेवचे जुने मंदिर गेले. उन्हाळ्यात पाणी फार उतरले की ते मंदिर उघडे पडते आणि लोक बघायला जातात. बुडालेली जागा कुठे आहे हे ज्यांना ठाऊक असते त्यांच्यासाठी ती पुरती जात नाही. ‘खुकरी’चे पाणी मात्र कधीच उतरणार नाही. म्हणून तिची जागा कागदावर आणि दगडावर इथे आणावी लागेल, अंतरासकट, दिशेसकट.

एका आक्षेपाशी मला जास्त थांबावेसे वाटते, कारण तो घेणारे शांततेचे खरे चाहते असतात. स्मारके वाढली की युद्धाचे आकर्षण वाढते, पोरे पुतळ्याकडे बघून भरती व्हायला धावतात, आणि सत्ताधाऱ्यांना पुढच्या युद्धासाठी टाळ्या मिळतात, असे ते म्हणतात. मोघम स्मारकाबद्दल हे पुष्कळ खरे आहे. ‘मातृभूमीसाठी हसत हसत प्राण दिले’ अशा ओळीखाली कुणाचेही नाव बसते, आणि हसत हसत हे कुणी पाहिले होते, असे विचारण्याची सोय नसते. पण वय वीस, हुद्दा अमुक, काम यंत्रखोलीत, जहाज फुटल्यापासून बुडेपर्यंत काही मिनिटे, देह मिळाला नाही, एवढे लिहिलेला दगड वाचून कुणाला युद्धाची भूल पडेल असे मला वाटत नाही. आपण ४ डिसेंबरला नौदल दिन पाळतो, कारण १९७१ च्या त्या रात्री क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर यशस्वी हल्ला केला. २०२३ मध्ये हा दिवस सिंधुदुर्गाच्या साक्षीने मालवणला मोठ्या थाटात झाला. तो पाळावाच, ते यशही खलाशांच्याच हातांनी आले. मात्र पाच दिवसांनंतरची तारीख पाळल्याशिवाय पहिली तारीख अर्धीच राहते. विजयाची किंमत त्याच आठवड्यात, त्याच समुद्रात मोजली गेली होती, आणि ती मोजणारी बहुतेक माणसे अधिकारी नव्हती.

यासाठी लागणारे साधन फार थोडे आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आणि नौदलाचा अभिलेख विभाग यांच्याकडे पत्र लिहून तालुक्यातल्या प्रत्येक नौसैनिकाची सेवा-नोंद ग्रामपंचायतीला मागता येते. महायुद्धांतल्या दर्यावर्दींसाठी मुंबईची नोंदवही आणि राष्ट्रकुल आयोगाची यादी आहे. गावांची नावे जुन्या इंग्रजी लेखनात बिघडलेली असतात, तिथे तालुक्यातल्या इतिहासाच्या शिक्षकांची मदत लागेल. २०२३ च्या शिलाफलकाशेजारी दुसरा दगड नको. त्याच नावाखाली चार ओळी वाढवाव्यात. जन्मसाल, हुद्दा आणि काम. जहाजाचे नाव. तारीख आणि वेळ. जागा, जवळच्या किनाऱ्यापासूनच्या मैलांत, आणि देह मिळाला की नाही. मजकूर कोरण्याआधी घरच्यांना वाचून दाखवावा आणि त्यांनी नको म्हटले तर तो भाग सोडावा, कारण दुःखावर पहिला हक्क त्यांचा आहे. घरच्यांना जे आधीच माहीत आहे पण कागदावर नाही, तेही त्याच वेळी लिहून घ्यावे. १९७१ मध्ये विशीत विधवा झालेली बाई आज सत्तरी ओलांडून गेलेली असेल. तिच्याजवळची पत्रे, त्यांवरचे टपालाचे शिक्के, शेवटच्या रजेची तारीख यांची नक्कल पंचायतीच्या दप्तरात आणि शाळेत ठेवायला एक दिवस पुरतो. हे काम पुढच्या ९ डिसेंबरची वाट न पाहता येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावे.